शेंडेनक्षत्राचं साल

आमच्या माणदेशात जुन्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नसायची. वय विचारलं की ती साल सांगायची, तेही आकड्यात नव्हे. कुणी प्लेगाच्या सालचा, कुणी मानमोडीच्या सालचा, कुणी पत्री सरकारच्या धामधुमीतला. आमच्या पिढीला कोयनेच्या भूकंपाचं साल आठवतं, आणि बहात्तरचा दुष्काळ तर कुणीच विसरणार नाही. आम्हाला शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट एक जून ही तारीख लावून टाकली. माझ्या वर्गातली निम्मी पोरं कागदावर एकाच दिवशी जन्माला आलेली आहेत.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, शेंडेनक्षत्राच्या सालची.

शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू. पुस्तकात धूमकेतू म्हणतात, आमच्याकडं शेंडेनक्षत्र. शेंडी सोडलेलं नक्षत्र. बाकीच्यांची सालं त्यांच्या वयापुरती होती. मोजली आणि विसरली. आजीचं साल मात्र तिला जन्मभर चिकटलं.

आजीच्या जन्माची हकीकत तिला तिच्या आत्यानं सांगितली होती. आजीनं ती आम्हाला चुलीपुढं बसून किती वेळा सांगितली त्याला मोजदाद नाही, पण सांगताना एक शब्द इकडचा तिकडं होत नसे.

ते प्लेगाचे दिवस होते. प्लेग आपल्याकडं १८९६ साली मुंबईत आला, तिथून पुण्याला आणि मग घाटावरच्या खेड्यापाड्यांत पसरला. एकदा येऊन गेला असं झालं नाही. पुढची कितीतरी वर्षं तो हिवाळ्याच्या तोंडाला यायचा आणि ऊन तापलं की जायचा. घरात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं आणि शेतात खोपटी घालून राहायचं. त्या साली संक्रांत गावातच झाली. बायकांनी ओवसा केला. मग दोन-चार दिवसांतच उंदीर पडले आणि सगळं गाव रानात गेलं. आजीची आई पोटुशी होती, तिला बैलगाडीतून नेली.

"संक्रांतीला आठ दिस झालं आसतील," आजी सांगायची. "शाळूचा हुरडा आला व्हता. दिस बुडला आन् मानसं आगटीपाशी कणसं भाजत बसली. मावळतीला शुक्राची चांदनी व्हती. तिच्या शेजारला आत्याला दिसलं. केरसुनी उभी धरावी तसं. आत्याच्या हातातला हुरडा हातातच ऱ्हायला."

त्याच रात्री खोपटात आजी जन्मली. अकराव्या दिवशी तिच्या आईच्या जांघेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

प्लेगानं त्या वर्षी गावातली आणखीही माणसं नेली. पण त्या सगळ्यांना प्लेगानं नेलं, आणि आजीच्या आईला म्हणे आजीनं खाल्लं. पोर येताना शेंडेनक्षत्र घेऊन आली, असं कुणीतरी बोललं आणि ते शेवटपर्यंत राहिलं. आमच्याकडं एखाद्याला 'काय नक्षत्र हाय' असं म्हणणं शिवीसारखंच असतं. आजीला लहानपणी हाकच ती होती. बारशाचं नाव निराळं, पण हाक 'नक्षत्रे'.

आत्यानं तिला वाढवली. लग्नाचं वय झालं तेव्हा चांगलं स्थळ येईना. शेवटी आमचे आजोबा मिळाले. बिजवर, वयानं पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. ते माणूस चांगले होते असं आजीच सांगायची. पण घर आणि भावकी म्हणजे काही एकटा नवरा नव्हे. बैल गोठ्यात मेला, आजीमुळं. विहिरीला खडक लागला, आजीमुळं. बहात्तरला तर सगळ्या महाराष्ट्राचा पाऊस गेला. बासष्ट वर्षांची आजी आमच्या आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. सुकडीच्या रांगेत तिच्या पाठीमागं उभी असलेली बाई दुसरीला म्हणाली, "ह्या नक्षत्रीच्या मागं उबं ऱ्हायलं तर सुकडी तरी पोचंल का?" मी अकरा वर्षांचा होतो, तिथंच होतो. आजीनं मागं वळून पाहिलं नाही. रांग पुढं सरकली तशी तीही पुढं सरकली.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायची नसती तर हे लिहायला बसलोच नसतो. १९८३ साली मला पहिली मुलगी झाली. पाचवी पुजायची होती. पाटा-वरवंटा मांडला, दिवा लावला. आजी आपली काठी टेकत आत आली तशी माझी आई म्हणाली, "आत्याबाय, तुमी जरा भायेर बसा." आई वाईट नव्हती. तिची दोन लेकरं गेलेली होती, ती भ्यालेली होती. आजी काही न बोलता ओसरीवर जाऊन बसली. मी उंबऱ्यात उभा होतो. दहावी पास झालेला, वर्तमानपत्र वाचणारा, गावातल्या तरुण मंडळाचा चिटणीस. मी तोंडातून शब्द काढला नाही.

१९८५ च्या दिवाळीनंतर रेडिओवर हॅलेच्या धूमकेतूच्या बातम्या यायला लागल्या. १९१० ला आला होता, आता शहात्तर वर्षांनी परत येतोय, असं सांगत. १९१० म्हटल्यावर मी बोटं मोजली. आजीचंच साल. म्हणजे आजीचं शेंडेनक्षत्र परत येत होतं.

गावच्या शाळेतल्या गुरुजींकडं गेलो. त्यांनी तालुक्याच्या वाचनालयातून एक पुस्तक आणून दिलं. त्यानंतर याविषयी जे जे मिळालं ते मी वाचत गेलो, आणि अजूनही वाचतो. त्यातलं थोडं इथं सांगतो.

एडमंड हॅले हा इंग्लंडचा माणूस. त्यानं १६८२ साली हा धूमकेतू पाहिला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पुढं त्यानं जुन्या नोंदी काढून बसल्या बसल्या हिशेब केला. १५३१ ला एक धूमकेतू दिसला होता, १६०७ ला एक, आणि १६८२ चा त्यानं स्वतः पाहिलेला. तिघांची वाट सारखीच होती आणि मधलं अंतर पंचाहत्तर-शहात्तर वर्षांचं. त्यानं ताडलं की हे तीन नव्हेत, एकच आहे आणि तो फेऱ्या घालतो. १७०५ साली त्यानं हे छापलं आणि १७५८ च्या सुमाराला तो परत येईल असं सांगितलं. हॅले १७४२ साली वारला. आपलं सांगणं खरं ठरतं का हे बघायला तो काही उरला नाही.

आपल्याकडची सालं लावून बघितली तर १६०७ म्हणजे तुकाराममहाराजांच्या जन्माच्या आगंमागं. १६८२ ला रायगडावर संभाजीमहाराजांचं राज्य होतं आणि औरंगजेब दख्खनेत उतरलेला होता. १७५९ म्हणजे पानिपताच्या दोन वर्षं आधी. असं लावत बसलं की वाटतं, बघा, शेंडेनक्षत्र आणि मोठ्या घडामोडी बरोबरच येतात. पण पानिपताला दोन वर्षं सूट द्यावीच लागते. आणि एवढी सूट दिली तर कुठल्याही खुंटीला काहीही अडकवता येतं. बहात्तरला आमच्या आभाळात पाऊस नव्हता तसं शेंडेनक्षत्रही नव्हतं. मग तो दुष्काळ कुणी आणला?

१७५८ जवळ आलं तसे फ्रान्समधले तीन लोक गणिताला बसले. त्यातली एक बाई होती, निकोल-रेन लपोत. गुरू आणि शनी हे मोठे ग्रह धूमकेतूला वाटेत ओढतात, त्यामुळं त्याला किती उशीर होईल ते त्यांनी काढलं. कागद आणि टाक, बाकी काही नाही. सहा महिने नुसती आकडेमोड चालली होती. एप्रिल १७५९ च्या मध्याला तो सूर्याजवळ पोचेल, महिनाभर मागंपुढं, असं उत्तर आलं. तो पोचला १३ मार्चला.

पण त्याला परतताना पहिल्यांदा कुणी पाहिलं? मोठाली दुर्बीण घेऊन बसलेल्या पॅरिसच्या ज्योतिषांनी नव्हे. जर्मनीत ड्रेस्डेन शहराजवळ प्रोलिस नावाचं गाव होतं. तिथल्या योहान गेओर्ग पालिच या शेतकऱ्यानं पाहिला. २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री, म्हणजे त्यांच्या नाताळाच्या सणाला. दिवसा नांगर धरणारा आणि आपला आपण शिकून रात्री आभाळ बघणारा माणूस. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बांधावर बसून राहिलो. आपल्यासारख्याला हे कळण्यासारखं आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

हे धूमकेतू फिरतात कसे, तर मळणीच्या खळ्याची आठवण काढा. तिवड्याभोवती बैलांची पात एका गतीनं गोल फिरते, तसे ग्रह सूर्याभोवती फिरतात. धूमकेतू म्हणजे दावं लांब सोडलेला एक बैल. तो खळ्याबाहेर पार शिवारापर्यंत जातो आणि परत तिवड्याजवळ येतो. हॅलेचा तर उलट्या अंगानं फिरतो. लांब गेला की रमतगमत चालतो, सूर्याजवळ आला की उधळतो. तो तारा नाहीच. बर्फ, धूळ आणि खडे यांचा पंधरा किलोमीटर लांबीचा गोळा आहे. १९८६ च्या मार्चमध्ये युरोपच्या लोकांनी 'जोत्तो' नावाचं यान त्याच्यापासून सहाशे किलोमीटरवरून नेलं. तेव्हा दिसलं की गोळा कोळशासारखा काळा आहे. सूर्याची धग लागली की बर्फाची वाफ होते आणि धूळ सुटते, तीच शेपटी. उफणणीत जसा भुसा वाऱ्याच्या बाजूला उडतो, तशी ती शेपटी कायम सूर्यापासून लांब उडते. म्हणून धूमकेतू सूर्याकडून परत निघाला की शेपटी त्याच्या पुढं चालते.

१९१० च्या मे महिन्यात तो पृथ्वीपासून सव्वादोन कोटी किलोमीटरवर आला होता. ८३७ साली तर पन्नास लाख किलोमीटरवरून गेला, चंद्राच्या तेरापट अंतरावरून. त्याच्या नोंदी चीनच्या लोकांनी लिहून ठेवलेल्या आहेत. आमच्यापैकी कुणी लिहून ठेवलं असतं तर आजीचं आयुष्य कदाचित जरा सोपं गेलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

१९१० ला घाबरलं ते आमचंच गाव, असंही नाही. शिकलेले देशही घाबरले. शास्त्रज्ञांना त्याच्या शेपटीत सायनोजेन नावाचा विषारी वायू सापडला होता, आणि १८-१९ मे रोजी पृथ्वी शेपटीतून जाणार असं गणित सांगत होतं. शेपटी इतकी विरळ असते की तिच्यातून पृथ्वी गेल्याचं कळणारही नाही, असं जाणते सांगत होते. पण ते ऐकतंय कोण? युरोप-अमेरिकेत लोकांनी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. धूमकेतूच्या विषावरच्या गोळ्या विकल्या गेल्या. लोकांनी पैसे मोजून घेतल्या. त्याच महिन्यात, ६ मेला, इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड वारला, तेव्हा तोही त्याच्याच खात्यावर टाकला. ठरलेला दिवस आला आणि गेला, कुणाला काही झालं नाही.

मार्क ट्वेन हा अमेरिकेतला मोठा लेखक. तो १८३५ साली हॅलेचा धूमकेतू आभाळात असताना जन्मला होता. मी त्याच्याबरोबर आलो, त्याच्याबरोबरच जाणार, असं तो म्हातारपणी अभिमानानं सांगायचा. आणि खरंच २१ एप्रिल १९१० ला, धूमकेतू सूर्याजवळ पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो वारला. लोकांना त्याचं केवढं कौतुक. तिकडं पुरुष माणूस धूमकेतूच्या वेळी जन्मला तर ती गोष्ट झाली. इकडं खोपटात पोरगी जन्मली तर तो डाग झाला.

आता १९८६ चं सांगतो. आजी शहात्तर वर्षांची. एका डोळ्याचं मोतीबिंदू शिबिरात काढलेलं, दुसरा डोळा जवळजवळ गेलेला. मी तिला म्हणालो, "आजी, तुझं शेंडेनक्षत्र परत आलंय. दाखवू का?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आनिक कुनाला न्यायला आलंय?"

"कुणालाच नाही. त्याची पाळी आहे, म्हणून आलंय. एसटी येते तशी."

"येळंवर आलंय का?"

"वेळेवर आलंय."

"मग यष्टी न्हवं ती," आजी म्हणाली, आणि मला हसू आलं.

त्या खेपेला तो नीट दिसत नव्हता. तो सूर्याजवळ होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या अंगाला होती. दोन हजार वर्षांत इतका वाईट दिसला नसेल, असं म्हणतात. मार्चमध्ये एका पहाटे गव्हाला पाणी धरताना मला तो आग्नेयेला दिसला होता. पाटीवरची खडूची रेघ फडक्यानं अर्धवट पुसावी तसा. आजीला त्या थंडीत पहाटे आणणं जमलं नाही. एप्रिलात तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार होता, सव्वासहा कोटी किलोमीटरवर. दिवस होता ११ एप्रिल. आदल्या दिवशी गुढीपाडवा होता. अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे चांदण्याचा त्रास नाही.

पाडव्याच्या रात्री जेवणं झाल्यावर बैलगाडी जुंपली. आई म्हणाली, "सणासुदीच्या रातीला त्या म्हातारीला घिऊन कुटं निगालास? आन् ते बगायला?" मी म्हणालो, "आई, तुझी नातही येणार आहे." तीन वर्षांची माझी मुलगी झोपेतच होती. तिला उचलून आजीच्या मांडीवर दिली. आईनं पुढं होऊन हात लांब केले आणि मग खाली घेतले. गाडी निघाली. तीन वर्षांमागं उंबऱ्यात जे बोलायला हवं होतं ते मी एवढ्या उशिरा, आणि तेही आडून, बोललो. पण बोललो.

माळावर गाडी सोडली, घोंगडं अंथरलं. मध्यरात्र उलटली तसा दक्षिणेला विंचू वर आला. त्याच्या खालच्या अंगाला, टेकडीच्या वर, पिंजलेल्या कापसाच्या बोंडाएवढा एक पांढुरका पुंजका होता. शेपटी म्हणावी तर होती, म्हणावी तर नव्हती. गुरुजींनी दिलेली दुर्बीण मी आजीच्या बऱ्या डोळ्याला लावली. तिचा हात कापत होता म्हणून खालून माझा हात लावला. विंचवाची नांगी, मग खाली, मग जरा उजवीकडं, असं तिला सांगत राहिलो. बराच वेळ ती नुसती बघत होती. तिला खरंच दिसलं का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण तिनं दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाली,

"येवढुसं हाय व्हय हे? आन् मानसांनी माज्या डोसक्यावर केवढं ठिवलं व्हतं."

एवढंच बोलली. मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली होती. परत येताना वाटेत आजीनं तिच्यावर पदर घातला, दव पडायला लागलं होतं म्हणून.

आजी १९९१ साली गेली. शेवटची पाच वर्षं तिनं शेंडेनक्षत्राची गोष्ट पुन्हा कधी स्वतःहून काढली नाही. आईनंही तिला कशात अडवलं नाही. माझ्या धाकट्या मुलाच्या पाचवीला दिवा आजीनंच लावला.

गोष्ट इथं संपली असती. पण बऱ्याच वर्षांनी, १९९७ साली हेल-बॉप नावाचा धूमकेतू आला तेव्हा ती पुन्हा उकरली गेली. तो झकास दिसत होता, रोज संध्याकाळी वायव्येला. मुलांना दाखवता दाखवता मी आजीची गोष्ट सांगत होतो. हुरडा म्हणालो आणि एकदम थांबलो.

हॅलेचा धूमकेतू १९१० साली नुसत्या डोळ्यांना दिसला तो एप्रिल-मे महिन्यांत. वैशाखात. तेव्हा रानात हुरडा कुठला? शाळू काढून, मळून, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात. नांगरटी चाललेल्या असतात. आणि संक्रांत? संक्रांत जानेवारीत. आत्या हुरडा खात होती, संक्रांतीला आठ दिवस झाले होते, हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. जन्मभर शाळू पेरणारा माणूस मी, पण ते कधी माझ्या ध्यानात आलं नाही.

पुस्तकं पुन्हा काढली. तेव्हा कळलं ते असं. १९१० साली दोन धूमकेतू आले होते. पहिला जानेवारीत, कुणालाही कल्पना नसताना. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणमजुरांना तो १२ जानेवारीच्या सुमाराला पहाटे दिसला. १७ तारखेला तो सूर्याला वळसा घालून गेला, तेव्हा इतका तेजस्वी होता की दिवसाउजेडी सूर्याच्या शेजारी दिसला. त्यानंतर महिनाअखेरपर्यंत तो संध्याकाळी मावळतीला, शुक्राजवळ, लांब शेपटी उभारून दिसत होता. शुक्राजवळ, म्हणजे आत्यानं सांगितलं होतं अगदी तसा. मागाहून चार महिन्यांनी हॅलेचा आला, त्याचा आधीपासून बोलबाला होता, म्हणून लोकांच्या आठवणीत दोघांचा एकच झाला. जगभर हीच चूक झालेली आहे. आम्ही लहानपणी हॅलेचा पाहिला असं सांगणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी खरं तर जानेवारीतला पाहिलेला होता.

म्हणजे आजीचं शेंडेनक्षत्र ते नव्हतंच. जे खरं होतं ते हजारो वर्षं परत यायचं नाही. पाडव्याच्या रात्री मी तिला दुसऱ्याच कुणाचं तरी दाखवून आणलं.

पहिल्यांदा मला वाईट वाटलं, तिला फसवल्यासारखं. मग विचार करत गेलो तसं वाटलं, फसवली ती मी नव्हे. तिच्या आईला नेलं उंदरावरच्या पिसवांनी. हाफकिन साहेबानं प्लेगाची लस १८९७ सालीच मुंबईत तयार केली होती, ती आमच्या रानातल्या खोपटापर्यंत काही पोचली नाही. पोचली असती तरी लोकांनी टोचून घेतली असती का, कुणास ठाऊक. प्लेगानं हिंदुस्थानात एक कोटीवर माणसं मेली. त्या सगळ्यांच्या घरी काही पोरी जन्मल्या नव्हत्या. हे सगळं सोडून लोकांनी आभाळातलं एक शेंडेनक्षत्र धरलं, ते कुठलं तेही त्यांना धड ठाऊक नव्हतं, आणि ते एका तान्ह्या पोरीच्या नावावर चढवलं. सात-बाऱ्यावर चुकीचं नाव चढलं तर दुरुस्तीला तलाठ्याकडं जाता येतं. या चुकीची दुरुस्ती कुणाकडं करायची? म्हणून हे लिहितोय.

हॅलेचा धूमकेतू आता नेपच्यूनच्याही पलीकडं आहे. २०२३ च्या डिसेंबरात तो सगळ्यांत लांबच्या टोकाला पोचला आणि परत फिरला. पण तो अगदीच भेटत नाही असंही नाही. त्यानं वाटेत सांडलेली धूळ पृथ्वीला दर वर्षी दोनदा लागते, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात. ऑक्टोबरच्या २०-२१ तारखेला मध्यरात्रीनंतर मृगाच्या बाजूनं तारे तुटताना दिसतात, ते त्याचेच कण. राखणीला रानात झोपलो की मी मोजतो. कधी पाच, कधी दहा. माझ्या मुलीची मुलगी सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीला लवकर आली की तीही माचावर येऊन बसते आणि माझ्यापेक्षा जास्त मोजते.

परवा तिनं मोबाइलवर बघून मला सांगितलं, की हॅलेचा धूमकेतू २८ जुलै २०६१ ला परत सूर्याजवळ येणार. तेव्हा ती पन्नाशीला टेकलेली असेल. मला म्हणाली, "आबा, या वेळी चांगला दिसणार आहे, मागच्यापेक्षा उजळ."

मी म्हणालो, "जुलैच्या शेवटी म्हणजे आपल्याकडं पावसाचे दिवस. आभाळ आलेलं असलं तर तुला काही दिसायचं नाही."

"मग?"

"मग काय? पाऊस असला तर पाऊस बघ. आपल्या माणदेशात तोही कधीतरीच येतो."